दोन टक्क्यांचा चेक आणि पहिल्या पाळीची हजेरी

प्रश्न विचारणारे गृहस्थ तरुण कारखानदार आहेत. ऑफिस खेतवाडीत, कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत. पाइपलाइनचे पोलादी फिटिंग आणि बोल्ट बनवतात, निम्म्याच्या आसपास माल जर्मनीला जातो. गेल्या वर्षी नफा पहिल्यांदाच पाच कोटींच्या वर गेला आणि सीएंनी सांगितलं, आता तुम्हाला सीएसआर लागू, म्हणजे नफ्यातला ठरावीक वाटा सामाजिक कामावर खर्च करायची कायद्याची सक्ती. वडिलांच्या मते हा मागच्या दाराने आलेला आणखी एक कर. उद्योजकांच्या परिषदेत मात्र त्यांनी ऐकलं की सामाजिक जबाबदारी पाळणारी कंपनी स्पर्धेत पुढे जाते. त्यांनी मला सरळ विचारलं: दोघांपैकी खरं कुणाचं?

मी या कामात सत्तावीस वर्षं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागलो. तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की हे पद भरावंच लागायचं. पुढे एका मोठ्या कंपनीचा सीएसआर विभाग सांभाळला, आता मध्यम आकाराच्या कारखान्यांना सल्ला देतो. त्या अनुभवावर बोलतो.

वडिलांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची. हा नफा कर वजा करण्याआधीचा, इथे बरेच जण चुकतात. तुमचा तीन वर्षांचा नफा साडेचार, साडेचार आणि सहा कोटी धरला तर सरासरी पाच कोटी आणि रक्कम १० लाख. हा खर्च प्राप्तिकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. २५.१७ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला हे १० लाख द्यायला सुमारे १३ लाख ३६ हजार कमवावे लागतात. वडिलांना तो कर वाटतो यात नवल नाही.

शिवाय नियम असं सांगतात की कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरायचं नाही, फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम धरायचं नाही, आणि मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही धरायचं नाही. ज्या दोन टक्क्यांतून धंद्याचा फायदा काढायला लोक निघतात, त्यातून थेट फायदा काढायची वाट कायद्यानेच बंद केली आहे. माझ्या मते हे योग्यच झालं, नाहीतर सगळा पैसा आपल्याच कॅन्टीनवर आणि आपल्याच बॅनरवर गेला असता.

आता परिषदेतल्या वक्त्यांचं. जबाबदारी आणि नफा यांचा संबंध शोधणारे अभ्यास कित्येक दशकं चालू आहेत. २००३ साली मार्क ऑर्लिट्झकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आधीचे ५२ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संबंध अनुकूल निघाला. सामाजिक बाबतीत बऱ्या असलेल्या कंपन्या पैशाच्या बाबतीतही साधारणपणे बऱ्या होत्या. वक्ते इथवर सांगून थांबतात. त्याच अभ्यासात पुढे आहे की परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. चांगलं काम केलं म्हणून नफा वाढतो, तसाच हातात पैसा खुळखुळतो म्हणून चांगलं कामही होतं. कुठल्याही एका कंपनीत यातलं आधी काय घडलं हे बाहेरून ओळखणं कठीण.

भारतातल्या सक्तीच्या सीएसआरवर दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. हरीओम मंचिराजू आणि शिवराम राजगोपाल यांना आढळलं की ज्या कंपन्यांना या कायद्यामुळे खर्च करणं भाग पडलं, त्यांच्या शेअरची किंमत सरासरी ४.१ टक्के घसरली. धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना यांनी दाखवलं की ज्या कंपन्या आधी २ टक्क्यांहून जास्त खर्च करत होत्या, त्या कायद्यानंतर खाली आल्या. किमान रेघ आखून दिली आणि त्यांनी तीच कमाल धरली. त्यामुळे निव्वळ सक्तीचा चेक फाडून स्पर्धेत पुढे जाता येतं, असं म्हणायला मला आधार सापडत नाही.

मग जबाबदारीचा आणि स्पर्धेचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि घट्ट आहे. फक्त तो दोन टक्क्यांत शोधायचा नाही, उरलेला सगळा पैसा आपण कसा कमावतो तिथे शोधायचा.

१९९९ च्या उन्हाळ्यात मला हे पहिल्यांदा कळलं. आमची पहिली पाळी सकाळी सातची. एप्रिल उजाडला की हजेरीपटावर उशिराच्या लाल खुणा वाढायच्या. मॅनेजरसाहेबांचं ठाम मत की लोक माजलेत, अर्ध्या दिवसाचा पगार कापा. मी चार नावं लिहून घेतली आणि पहाटे दिघ्याच्या डोंगरालगतच्या वस्तीत गेलो. साडेतीन वाजले होते. नळाला पाणी यायचं चारला आणि जायचं पावणेपाचला. त्या एका नळापुढे निळे ड्रम, तेलाचे रिकामे डबे, कळशा आणि नंबर धरून ठेवलेल्या विटा, विटेवर खडूने नाव. आमचा लेथवरचा एक कामगार सायकलला दोन कॅन लटकवून उभा होता. मला बघून ओशाळला. म्हणाला, "साहेब, बायको हॉस्पिटलात रात्रपाळीला असते, पोरं लहान आहेत, मग पाण्याला मीच येतो." त्या दिवशी तो सातला पाच कमी असताना गेटवर हजर होता. दुपारी त्याच्या मशीनवर बिघडलेले सहा शाफ्ट मी स्वतः रिजेक्शनच्या पेटीत पाहिले. प्रत्येकाची एक बाजू केसभर जास्त कापली गेली होती. रात्री तीनला उठलेला माणूस दुपारी दोनला जसं काम करेल, तसं ते काम होतं.

वस्तीला पाणी देणं हे कंपनीचं काम नव्हतं. पण पाण्याची किंमत कंपनी रोज मोजत होती, रिजेक्शनच्या पेटीत आणि उशिराच्या खुणांत. ती कुणी पाण्याच्या नावावर लिहीत नव्हतं एवढंच. मी सहा महिन्यांच्या रिजेक्शनचा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा मॅनेजरसाहेब ऐकायला तयार झाले. साठवणीची टाकी आणि पाइप कंपनीने दिले, जोडणी महापालिकेने. सात महिने लागले, मधे दोनदा फाइल परत आली. पुढच्या उन्हाळ्यात लाल खुणा निम्म्याहून कमी झाल्या. सगळं श्रेय टाकीचं नाही, त्याच वर्षी त्या मार्गावर बसची फेरीही वाढली होती. पण मॅनेजरसाहेबांनी त्यानंतर माझ्यापुढे "लोक माजलेत" हा शब्द काढला नाही. आजच्या नियमांत अशी टाकी वस्तीतल्या सगळ्यांसाठी असेल तर सीएसआरमध्ये बसते, फक्त आपल्या कामगारांपुरती असेल तर बसत नाही.

व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २००६ साली मांडलेली गोष्ट साधारण हीच आहे. कंपनीने जगातला प्रत्येक प्रश्न अंगावर घेऊ नये, जिथे समाजाची अडचण आणि धंद्याची अडचण एकमेकींत गुंतलेली आहे तिथे हात घालावा. घाटकोपरच्या आझाद नगरात हिंदुस्तान युनिलिव्हरने २०१६ साली 'सुविधा' नावाचं सार्वजनिक केंद्र उभं केलं. तिथे अंघोळीचं, हात धुण्याचं आणि कपडे धुण्याचं सांडपाणी शौचालयात फ्लशसाठी वापरलं जातं. साबण आणि डिटर्जंट विकणाऱ्या कंपनीला मुंबईच्या वस्त्यांतल्या पाण्याचा प्रश्न जवळचा वाटावा यात गैर काही नाही. उलट असं काम टिकतं, कारण कंपनीला त्यातलं कळतं.

टाटांचं उदाहरण तर प्रत्येक भाषणात येतं: नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघाताची भरपाई, जमशेदपूरला १९१२ पासून आठ तासांचा दिवस. ते ऐकून मध्यम कारखानदार मनात म्हणतो, ते टाटा आहेत, आपण कुठे? पण एम्प्रेस मिलमध्ये तेव्हाची अडचण तुमच्यासारखीच होती. कामगार टिकत नव्हता आणि गैरहजेरी भरपूर होती. दंड करून भागेना, म्हणून माणसाला राहावंसं वाटेल असं काही द्यायचं ठरलं. मोठेपणा होताच, पण तो हजेरीपट वाचता येणाऱ्या माणसाचा मोठेपणा होता.

आता तुमच्या जर्मन ग्राहकाकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी रक्कम तिथे अडकलेली आहे. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ ला लागू झाला, आधी तिथे ३००० आणि २०२४ पासून १००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना. पुरवठादाराकडे बालमजुरी, वेठबिगारी, धोकादायक काम, बुडवलेली मजुरी असं काही चालत नाही ना, हे त्या कंपन्यांनी पाहायचं. त्यातल्या काही अटी सैल करण्याचं राजकारण तिकडे चालू राहिलं, पण खरेदी विभागांच्या प्रश्नावल्या काही थांबल्या नाहीत. जोडीला युरोपचा सीमेवरचा कार्बन आकार आहे, म्हणजे आयात होणारा माल बनवताना जेवढा कार्बन हवेत गेला त्यावरचा आकार. १ ऑक्टोबर २०२३ पासून आकडे कळवण्याचा टप्पा होता, २०२६ च्या आयातीपासून पैसे मोजण्याचा. पोलादी फिटिंग आणि बोल्ट त्याच्या यादीत येतात. तुमच्या ग्राहकाला तुमच्याकडून खरे आकडे मिळाले नाहीत तर युरोपीय आयोगाने ठरवलेले ठोकळ आकडे धरले जातात आणि ते सहसा महागात पडतात. ज्याच्याकडे भट्टीच्या इंधनाची आणि विजेची रोजची नोंद आहे, ज्याने स्टीलच्या पुरवठादाराकडून आकडे मागून ठेवले आहेत, त्याचं कोटेशन तिथल्या टेबलावर वेगळं दिसतं. यातला एक पैसाही सीएसआरच्या दोन टक्क्यांत धरला जात नाही, आणि ऑर्डर मात्र यावर ठरते.

परदेशी ग्राहक पुरवठादाराच्या कारखान्याची तपासणी करायला ऑडिटर पाठवतात, अशा ऑडिटला मी अनेकदा हजर राहिलो आहे. मालकाने लॉबीत लावलेले वृक्षारोपणाचे आणि दप्तरवाटपाचे फोटो ऑडिटर चालता चालता बघतो. मग तो कंत्राटी कामगारांचं शौचालय दाखवा म्हणतो. कायम कामगारांचं नव्हे, कंत्राटी कामगारांचं. आगीच्या वेळच्या दारापर्यंत स्वतः चालत जातो. एकदा त्या दारापुढे थिनरचे रिकामे ड्रम रचलेले निघाले आणि बाहेरून कडी होती. सिक्युरिटीवाल्याने किल्ली शोधेपर्यंत ऑडिटर घड्याळाकडे बघत उभा होता. अकरा मिनिटं झाली. त्याने तेवढंच लिहिलं: अकरा मिनिटं. त्या कारखान्याने त्या वर्षी आदिवासी पाड्यावर फिरता दवाखाना चालवला होता, चांगला चालवला होता, आणि ऑर्डर गेली. दिव्याखालीच अंधार होता. मला तेव्हा वाईट वाटलं, कारण दवाखान्याचं काम मीच बघत होतो आणि त्या दाराशेजारून रोज जात होतो.

शेजारच्या कारखान्याचीही झळ लागते, हे तुमच्या पट्ट्यात नव्याने सांगायला नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याची, कारखान्याच्या रंगामुळे निळी पडलेली कुत्री जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली, तेव्हा नियमाने सांडपाणी प्रक्रिया करणाऱ्या तिथल्या कारखानदारांनाही ग्राहकांचे फोन आले. २०२४ च्या मे महिन्यात डोंबिवलीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्यानंतर रहिवाशांची मागणी एका कारखान्यापुरती राहिली नाही. एमआयडीसीच्या असोसिएशनमध्ये सुरक्षिततेच्या बैठकीला स्वतः जा, मॅनेजरला पाठवू नका.

एक गोष्ट मात्र बहुतेक कंपन्यांच्या जबाबदारीच्या अहवालात मी कधी वाचली नाही: छोट्या पुरवठादाराचं बिल वेळेवर देणं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं, काम करणारे एक काका मला ओळखीचे आहेत. चार टाक्या, छताला एक फॅन, ॲसिडच्या वासाने डोळे चुरचुरतात. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे, पान पार्टीच्या नावाचं, समोर माल गेल्याची आणि पैसे आल्याची तारीख. एकदा दोन पार्ट्यांचा माल एकाच संध्याकाळी अर्जंट म्हणून आला. काकांनी वही उघडली, दोन्ही पानांवरून बोट फिरवलं आणि पोराला म्हणाले, "आधी यांचा रॅक लाव." ज्यांचा रॅक आधी लागला ते तिसाव्या दिवशी पैसे देणारे होते. दुसरी पार्टी मोठी, नाव मोठं, सीएसआरचे पुरस्कार मिळालेली, पण पैसे चार-चार महिने येत नव्हते. त्यांचा कंटेनर न्हावाशेवा बंदरात दोन दिवस उशिरा पोहोचला. त्यांच्या लॉजिस्टिक्सच्या माणसाला कारण कधीच कळलं नसेल, ते साकीनाक्याच्या वहीत होतं.

कायदा इथेही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे, वर्षअखेर असं बिल मुदत उलटून थकलेलं असेल तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला काकांचं बोट जास्त पटतं. अर्जंटच्या दिवशी कुणाचं काम आधी होतं, याहून सरळ स्पर्धाक्षमता दुसरी कुठली?

इतकं सगळं सांगितल्यावर ते १० लाख काय करायचे हा प्रश्न उरतोच. ते फेकायचे नाहीत. मुंबईतल्या एका कंपनीने रायगडमधल्या एका जिल्हा परिषद शाळेला दिलेले बारा कॉम्प्युटर मी दोन वर्षांनी बघायला गेलो. खोलीला कुलूप, मॉनिटरवरचं प्लॅस्टिक तसंच. शाळेचं विजेचं बिल थकल्यामुळे कनेक्शन तोडलेलं. हेडमास्तर बाई म्हणाल्या, "देताना कुणी विचारलंच नाही हो." पैसे ३० मार्चला गेले होते. मार्च एंडला घाईत दिलेल्या पैशांचं बहुतेक वेळा असंच होतं.

तुम्हाला घाई करायचं कारण नाही. रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळ निर्णय घेऊ शकतं. काम एकापेक्षा जास्त वर्षांचं असेल तर मंडळाच्या ठरावात तसं मांडा. मग न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. तसं नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत कायद्याने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. संस्था निवडताना सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव हे कागद बघाच, पण त्याआधी त्यांच्या कामाच्या जागी न कळवता एकदा जाऊन या.

काम कुठलं? तुमच्याकडे सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) बसणारी मुलं मिळत नाहीत, मिळाली तर वर्षभरात पुण्याला जातात, असं तुम्हीच म्हणालात. अंबरनाथला शासकीय आयटीआय आहे. तिथल्या मशीन शॉपला काय लागतं ते आधी तिथल्या शिक्षकांना विचारा. कदाचित नवीन मशीन नको असेल, मापाची उपकरणं आणि टूल्सचा रोजचा खर्च हवा असेल. तुमच्या टूलरूममधला तीस वर्षं काम केलेला माणूस आठवड्यातून एक दुपार तिथे शिकवायला जाऊ दे. शिकलेली मुलं तुमच्याकडेच यावीत अशी अट घालू नका. ती कायद्यात बसणार नाही आणि मुलांनाही रुचणार नाही. काही तुमच्याकडे येतील, काही शेजारच्या कारखान्यात जातील, आणि पट्ट्यात चांगले हात वाढले की तुमचे जॉबवर्कवालेही, म्हणजे बाहेरून काम करून देणारे छोटे कारखाने, सुधारतील. फायदा तुमच्या एकट्याचा नसेल, पण तो तुमच्यापर्यंत पोहोचेल.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या भेटीला येताना तीन गोष्टी आणा: गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्या कामगारांची यादी, कायम आणि कंत्राटी दोन्ही, ते कुठून यायचे आणि कुठल्या महिन्यात गेले यासह, भट्टीचं बारा महिन्यांचं इंधनाचं आणि विजेचं बिल, आणि जॉबवर्कवाल्यांच्या थकबाकीचा तारीखवार तक्ता. आणि आज संध्याकाळी कारखान्यातून निघताना, कुणाला न सांगता, आगीच्या दाराची कडी एकदा स्वतः उघडून बघा.